इनास, हे भात आहे

इनास, तुझ्या अंत्यविधीला पाच भाषणं झाली आणि त्यांतल्या एकातही मोठा मासा आला नाही.

मी शेवटच्या बाकावर बसून त्याची वाट बघत होतो. मंडळाच्या अध्यक्षांनी तुला समाजाचा आधारस्तंभ केलं. तुझ्या हॉस्पिटलच्या मॅनेजरने तुला टीम प्लेयर केलं. बिघडलेलं मशीन दुरुस्त करताना खोलीत दुसरा माणूस आला तरी तू स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचास, हे त्या बिचाऱ्याला माहीत नसावं. चौथ्या वक्त्याने कधीही भरून न येणारी पोकळी काढली तेव्हा मी सवयीने डावीकडे कोपर मारायला गेलो. डावीकडे कुणी नव्हतं.

तुझ्या बायकोने, जेसिंताने, मलाही विचारलं होतं, ‘दोन शब्द बोलशील का रे?’ मी नाही म्हणालो. समारंभात उभं राहून बोलणं मला जमत नाही, असं कारण दिलं. तूही माझ्याबद्दल तेच समजत होतास. ते खरं नाही. का खरं नाही ते तुला सांगायचं राहिलं आहे, आणि सांगायला मी जरा वेळ लावणार आहे, कारण तू समोर असतास तरी लावला असता.

आधी मासा.

टोकमवालचा मासा म्हणजे मरे नदीतल्या कॉडचा पुतळा, रस्त्याच्या कडेला उंचावर बसवलेला, एखाद्या छोट्या ट्रकएवढा, आणि चेहऱ्यावर नगरसेवकाची तृप्ती. त्याच्याखाली आपले नऊ फोटो आहेत, दर ऑक्टोबरला एक. पहिल्या फोटोत तुझे केस काळे आहेत आणि मी हसत नाही. नवव्यात तुझे केस पांढरे आहेत आणि मी तरीही हसत नाही. ‘प्रोफेसर, माशाकडे बघून तरी हस,’ तू म्हणायचास. मी म्हणायचो, मंत्र्याच्या पुतळ्यापेक्षा मासा बरा, त्याने निदान कधी भाषण केलेलं नसतं.

मी प्रोफेसर नव्हतो आणि नाही. मी पॉइंट कुकजवळच्या एका लायब्ररीत पुस्तकं लावतो. पण युनिव्हर्सिटीच्या दिवसांत आपण एका घरात राहत असताना मी सिंकमधली भांडी तशीच टाकून वाचत बसायचो, तेव्हापासून तू ते नाव लावलंस आणि पुढे तुझ्या मुलीला, रियालाही ‘प्रोफेसर काका’ म्हणायला शिकवलंस.

आपल्या त्या वार्षिक दौऱ्याचं मूळ तांदळाच्या पिशवीत होतं. तू क्रेगीबर्नला नवं घर घेतलंस त्या वर्षी किराण्याच्या दुकानातून पाच किलोची पिशवी आणलीस आणि तिच्यावर बारीक अक्षरात वाचलंस की हा तांदूळ रिव्हरिनात पिकला आहे. तू लगेच नकाशा उघडलास. मग मला फोन.

‘अरे, साडेतीन तासांवर भात पिकतं! आणि आम्ही आगेराला प्लॅस्टिकची फुलं ठेवतोय.’

तोवर आगेरा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तू सांगितलंस. तुमच्या वसईकडच्या ख्रिस्ती गावांतला सुगीचा सण. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेतात. चर्चला तुम्ही देऊळच म्हणता, हेही मला तेव्हाच कळलं. फादर लोंब्यांना आशीर्वाद देतो आणि मग त्या घरोघर जातात. तुझी आई ती लोंबी दाराच्या वर खोचून ठेवायची, पुढच्या आगेरापर्यंत.

म्हणून आपण ऑक्टोबरमध्ये निघालो. दोघांकडे मास्टर्सच्या पदव्या होत्या. दोघांनीही चार ख्रिसमस घामाघूम होऊन काढले होते. एप्रिलमध्ये आपण हीटर लावत होतो. तरी साडेतीन तासांत एकाच्याही डोक्यात आलं नाही की इथले ऋतू उलटे आहेत. तू वाटेत मला लोंबी कशी ओळखायची ते शिकवत होतास. ‘दिसण्यावर जाऊ नको. सगळी गवतंच असतात. तळहातावर ठेव. वजन लागलं की भात.’

डेनिलिक्विनच्या पुढे आपण ज्या शेताच्या फाटकाशी थांबलो तिथे चिखल होता, पाणी होतं आणि ट्रॅक्टरवर ग्लेन नावाचा लाल मानेचा शेतकरी होता. तू त्याला अख्खा आगेरा समजावून सांगितलास, आईच्या दारासकट. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग टोपी मागे सरकवून म्हणाला, ‘मेट, आत्ता तर मी पेरतोय. तुम्हाला सहा महिने उशीर झाला. नाहीतर सहा महिने लवकर आलात.’

परतताना तुझं तोंड पडलेलं बघून मीच टेरिक टेरिकचा फाटा घेतला. नॅशनल पार्क म्हटल्यावर मला धबधबा, निदान एखादी दरी अपेक्षित होती. तिथे गवत होतं. सपाट जमिनीवर क्षितिजापर्यंत गुडघाभर गवत, मध्ये ग्रॅनाइटचा एक टेकाडवजा खडक. पाटीवर लिहिलं होतं की पूर्वी हा सगळा मुलूख असाच होता, नंतर नांगराखाली गेला, आणि हा तुकडा तेवढा उरला आहे. प्लेन्स वॉन्डरर नावाचा लावरीएवढा पक्षी इथे राहतो आणि तो फारसा कुणाला दिसत नाही.

‘यात बघायचं काय?’ मी विचारलं.

‘हेच,’ तू म्हणालास. आणि चप्पल काढून आत शिरलास. सापांच्या देशात, चप्पल काढून.

बाहेर आलास तेव्हा तुझ्या मुठीत गवताच्या तुऱ्यांची जुडी होती. तेवढ्यात पार्कची रेंजर गाडीतून उतरली. सूर्याने भाजलेली, पन्नाशीची बाई.

‘इथलं काही उपटता येत नाही, सर.’

‘देवाला द्यायचंय,’ तू म्हणालास. मी थोडा लांब उभा राहिलो, तुला ओळखत नसल्यासारखा.

तिने जराही न हसता सांगितलं, ‘मग त्याला म्हणावं, इथे येऊन बघ. तिकीट नाही.’

तिने दंड केला नाही. तू मात्र जाताना ती जुडी टाकून दिली नाहीस. गुडघ्यावर बसलास आणि एकेक काडी परत मातीत खोचलीस, ती जगणार नाही हे ठाऊक असताना. मी गाडीत बसून हॉर्न वाजवला. तो हॉर्न मला अलीकडे ऐकू येतो.

दुसऱ्या वर्षीपासून तू हट्टाने रस्त्याकडेचे जंगली ओट्स तोडून देवळात नेऊ लागलास. कुणाच्या मालकीचे नाहीत, पार्कातले नाहीत, आणि लांबून लोंबीसारखे दिसतात. आगेराची ती पहिली मिस्सा, देवळातली रविवारची प्रार्थना, आठवते? मी फक्त गाडी चालवून दमलो होतो म्हणून मागे बसलो होतो. फादर आशीर्वाद देत असताना मारिया मावशी उठल्या. ऐंशीच्या पुढच्या, मुलाकडे राहायला आलेल्या, आणि उभ्या आयुष्यात वसईत भात लावलेल्या. त्यांनी ताटातला एक दाणा काढला, नखाने सोलला, उरलेल्या दातांत धरला आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

‘हे भात नव्हे! घोड्याचं खाणं आणलंस रे, इनास!’

फादरसुद्धा थांबला. धर्माच्या कुठल्याही सोहळ्यात मी इतका मनापासून सामील कधी झालो नव्हतो. त्यानंतर दर वर्षी ताट ठेवताना तू आधीच कबुली द्यायचास, ‘मावशी, यंदाही घोड्याचंच,’ आणि त्या म्हणायच्या, ‘तुझ्या हातून होणार नाही ते.’

तेव्हापासून फेरी ठरून गेली. जाताना रॉचेस्टरच्या धान्याच्या सायलोंवर रंगवलेला खंड्या, टेरिक टेरिकचं गवत, तिथे न दिसणारा पक्षी, डेनिलिक्विनला खांबावर चढवलेली यूट, म्हणजे मागे हौदा असलेली गाडी, मग ग्लेनच्या फाटकावरून हात, परतताना मासा, त्याच्यापुढची अवाढव्य स्ट्रॉबेरी आणि शेपार्टनच्या रंगवलेल्या गाई. मी यूटखाली उभा राहून विचारायचो की गाडी खांबावर चढवणाऱ्या संस्कृतीचं पुढे काय होणार. तू म्हणायचास, ‘तुझ्याकडे देव नाही, त्यांच्याकडे यूट आहे. प्रत्येकाला काहीतरी उंचावर लागतं.’

आपलं खरं भांडण वेगळंच होतं. नऊ वर्षं तेच, त्याच रस्त्यावर, साधारण हीथकोट आलं की सुरू व्हायचं.

‘सण पिकाचा आहे ना?’ मी म्हणायचो. ‘पीक इथे एप्रिलमध्ये येतं. मग एप्रिलमध्ये करा. नाहीतर काय, पेरणीच्या दिवशी सुगी साजरी करायची? हे धर्मात बसत असेल, शेतीत नाही बसत.’

‘सण ऑक्टोबरचा.’

‘कारण?’

‘कारण आई त्या रविवारी लोंबी हातात घेते. मीपण त्याच रविवारी घेणार. लोंबी कसली ते सोड.’

यावर तर्काने बोलता येत नाही, म्हणून मी तर्कानेच बोलत राहायचो. अक्षांश, पंचांग, चर्चचा इतिहास. तू खिडकी खाली करून हात बाहेर काढायचास.

मग दोन वर्षांपूर्वी तुझी आई गेली. तू जाऊन आलास. दारावरची सुकलेली लोंबी तुझ्या पाकिटात आली होती, कस्टम्सला न दिसता. आणि गेल्या वर्षी मार्च संपता संपता तुझा फोन आला.

‘प्रोफेसर, जिंकलास. एप्रिलला जाऊ या. खरं भात आणू.’

‘आणि ऑक्टोबर?’

‘आता त्या रविवारी तिकडे कोण घेतंय लोंबी हातात.’

मी नऊ वर्षं ज्या होकारासाठी भांडलो होतो तो तू इतक्या हळू दिलास की मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. तू शनिवार सांगितलास. ग्लेनशी बोलून ठेवला होतास. आणि मी म्हणालो, ‘रोस्टर आहे रे, सुट्टी मिळणं शक्य नाही. पुढच्या वर्षी नक्की.’

‘नो वरीज,’ तू म्हणालास. ‘भात कुठे पळून जातंय.’ त्या ऑक्टोबरला मग आपण गेलोच नाही.

आता ते सांगतो. रोस्टर नव्हतं. त्या शनिवारी आमच्या लायब्ररीच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं. मेयर येणार होता, पितळी पाटीवरचा पडदा ओढणार होता, आणि प्रास्ताविक करायला मला सांगितलं होतं. तू ज्या माणसाबरोबर माशाखाली उभा राहून कोनशिलांची टिंगल करायचास, त्या माणसाने एक ब्लेझर विकत घेतला. बाथरूममध्ये भाषण म्हणून बघितलं. तिथे जाऊन चार मिनिटं बोलला. त्या चार मिनिटांत त्याने लायब्ररीला, शब्दशः, समाजाचा आधारस्तंभ म्हटलं. मेयरने आमच्या सबर्बचं नाव चुकीचं घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि इनास, मला ते आवडलं. कुणी आग्रह केला नव्हता. मला तिथे उभं राहायचंच होतं.

तुला सांगितलं असतं तर तू एवढंच विचारलं असतंस की ब्लेझर कुठल्या रंगाचा. मला तेवढंही नको होतं. टिंगल करणाऱ्याला टिंगल सोसत नाही, आपल्या नऊ वर्षांच्या अभ्यासातून एवढा एक निष्कर्ष माझ्या हाती लागला आहे.

मग या वर्षीचा मार्च संपता संपता, सकाळच्या शिफ्टला निघालेला तू गॅरेजपर्यंतच पोचलास. एप्रिल चार दिवसांवर होता.

तुला जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेच्या आदल्या दिवशी मी एकटा निघालो. जेसिंताला फक्त सांगितलं की लोंब्या घेऊन येतो. हीथकोट आलं, आणि भांडायला कुणी नव्हतं, म्हणून मी रेडिओवर गुरांचे बाजारभाव ऐकले. टेरिक टेरिकला थांबलो. खडकावर चढलो. शरद ऋतूत ते गवत वाळून फिकट झालेलं असतं, हे मला माहीत नव्हतं, कारण आपण ते फक्त ऑक्टोबरमध्येच बघितलं. वारा आला की सगळा मुलूख एका बाजूला कलतो आणि परत येतो. मी तासभर बसलो. पक्षी दिसला नाही. तू ज्या ठिकाणी काड्या खोचल्या होत्यास ती जागा शोधली. अर्थातच सापडली नाही. सगळीकडे गवतच होतं. यात बघायचं काय, असं मी यापुढे विचारणार नाही. चप्पल मात्र काढली नाही.

ग्लेनच्या शेतात पाणी नव्हतं. भात होतं. मी ते पहिल्यांदा बघत होतो, नऊ वर्षं त्याच फाटकाशी येऊन. कडेपर्यंत पिवळं, जड, आणि त्याच्या पलीकडे हार्वेस्टरची धूळ. ग्लेनने मला लांबूनच ओळखलं आणि मशीन बंद करून चालत आला.

‘अखेर वेळेवर!’ तो ओरडला. मग माझ्या मागे, गाडीकडे बघितलं. ‘जोडीदार कुठाय?’

मी सांगितलं. त्याने टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. त्या महिन्यात ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा मला तेच जास्त पटलं. फाटकावर परक्यांनी आत येऊ नये, बुटांना चिकटून रोग येतात, अशी पाटी आहे. त्याने माझे बूट पाणी मारून धुतले, मला आत नेलं आणि खिशातला चाकू दिला. ‘हव्या तेवढ्या घे.’

मी पहिली लोंबी तळहातावर ठेवली. वजन लागलं.

तिथेच उभं राहून मी तुला लायब्ररीचं सांगितलं. मोठ्याने नाही, ग्लेन जवळ होता.

परतताना माशाशी थांबलो. फोटो काढला. त्यात फक्त मासा आहे, आणि खरं सांगायचं तर एकटा असला की तो बराच मूर्ख दिसतो.

रविवारी जेसिंताने लोंब्या स्टीलच्या ताटात लावल्या. किती वेळ लावत होती. मग ताट माझ्यापुढे धरलं. ‘अर्पणाला वेदीपर्यंत तू घेऊन जा.’

‘मी? अगं, मला क्रॉस कुठल्या खांद्यापासून करायचा तेही...’

‘करू नकोस. नुसता चाल.’

रिया पाव घेऊन माझ्या मागे उभी होती. तुझ्यासारखीच डावी भुवई वर करून म्हणाली, ‘डॅड वुड लाफ सो हार्ड.’ आणि मग तिचा चेहरा जरा हलला, तेव्हा मी ताट घेतलं.

म्हणजे बघ, शेवटी मी मिरवणुकीत होतो. ऑर्गन वाजत होता, दोन्ही बाजूंनी लोक उभे होते, आणि मी तोच ब्लेझर घातला होता. निळा. विचारणार होतास म्हणून सांगितलं.

अर्ध्या वाटेवर, कडेच्या बाकावरून एक हात बाहेर आला आणि ताटाची कड धरली. मारिया मावशी. मी थांबलो, रिया थांबली, द्राक्षारस घेऊन येणारे थांबले. ऑर्गनवाल्याने तीच ओळ पुन्हा घेतली. मावशींनी एक दाणा काढला. नखाने सोलला. तोंडात टाकला आणि डोळे मिटून, अजिबात घाई न करता, चावला. पुढे फादर हात पसरून उभा होता, पण त्या क्षणी आशीर्वाद देण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता.

‘भात हाय,’ मावशी म्हणाल्या.

मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. ‘आणायला एवढी वर्षं लागली काय तुम्हाला?’

‘नाही, मावशी,’ मी म्हणालो. ‘एकच वर्ष उशीर झाला.’

त्यांनी ताटाची कड सोडली, आणि मी पुढे चालू लागलो, कारण माझ्या मागे तुझी मुलगी उभी होती.